किती इंची घ्यावा?

परवा आमच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली.

तशी ती सहा महिन्यांपासून कुरकुरत होतीच. २०१३ साली घेतलेला हा लॅपटॉप, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. बॅटरी वीस मिनिटं टिकते, मधली दोन बटणं मनात आलं तर चालतात, आणि आता पडदा मागे कलंडतो म्हणून त्याच्या पाठीशी मराठी विश्वकोशाचा एक खंड उभा करून ठेवलाय. (विश्वकोशाचा असाही उपयोग होतो! तर्कतीर्थांनी क्षमा करावी.)

मुलांना फोनवर सांगितलं, तर घरात संमेलनच भरलं. थोरला बंगळुरूहून म्हणाला, "बाबा, आता टॅबलेट घ्या. चांगला तेरा इंची घ्या आणि तो डबा भंगारात द्या." धाकटी नागपूरहून म्हणाली, "तेरा इंची कशाला? आठ इंची घ्या, तुमच्या शबनममध्ये मावेल." नातू म्हणाला, "आबा, फोन आहे ना, मग टॅब कशाला?" आणि आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी काम काय आहे ते तरी ठरवा."

नेहमीप्रमाणे तिचंच बरोबर होतं. म्हणून मंडळी, आधी काम सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण. वय ८६, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आरमोरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गेली दोन वर्षं मी तिच्याकडून शब्द उतरवून घेतोय. आमचा हा मुलूख झाडीपट्टीचा, धानाचा. इथल्या बोलीला झाडीबोली म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी मोठं काम केलं, शब्दकोश तयार केला. त्यापुढे माझं काम म्हणजे समुद्रापुढे बोडी. मला फक्त एका घरातलं, एका बाईच्या तोंडचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे. (बोडी म्हणजे लहान तळं. शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात, रोवणीसाठी आधी वाढवलेल्या रोपांना पऱ्हे, आणि तुमच्या पुस्तकात जी मोहाची टोळंबी आहे ती आमच्याकडे टोरी.)

आतापर्यंत हे सगळं वहीत लिहीत होतो. पण गेल्या वर्षापासून हात थरथरतो. दिवाळीनंतर वही उघडली तर माझंच अक्षर मला लागेना! चौतीस वर्षं मुलांच्या अक्षराला गुण देणारा मी, आणि माझ्याच वहीत एका पानावर अकरा शब्दांपुढे प्रश्नचिन्हं टाकावी लागली. त्यातले सात अक्काला पुन्हा विचारून मिळाले. चार तिलाही आठवले नाहीत. ती म्हणाली, "गेले त जाऊ दे." माझ्याने मात्र जाऊ देववेना.

लॅपटॉप न्यावा तर तो चार्जर धरून अडीच किलोच्या वर. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत एसटीने गडचिरोली, तिथून आरमोरीची दुसरी गाडी, पुढे ऑटो. तिकीट अर्धं पडतं, पण पाठीवरचं ओझं काही अर्धं होत नाही. आणि अक्काच्या घरी बॅटरीची वीस मिनिटं संपली की वीज असेल तर काम. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, त्याच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. तरी अक्काकडे दुपारची वीज कधी जाईल याचा नेम नाही.

तर टॅबलेट घ्यायचा हे ठरलं. प्रश्न दोन उरले. किती इंची? आणि तो आल्यावर लॅपटॉप खरंच भंगारात द्यायचा का?

आता हे इंचांचं प्रकरण. कपाटाची उंची वेगळी सांगतात, रुंदी वेगळी. पडद्याचं तसं नाही. तिथे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णाची लांबी सांगतात. म्हणून "दहा इंची" म्हटल्यावर पडदा नेमका केवढा ते कळत नाही. सातवीच्या वर्गात पायथागोरस शिकवलेला माणूस मी, कागद घेऊन बसलो. पडद्याच्या बाजू ४ आणि ३ या प्रमाणात असतील तर दहा इंची पडदा बरोबर ८ इंच बाय ६ इंच, म्हणजे ४८ चौरस इंच. पण तोच दहा इंची पडदा लांबुळका, १६ आणि १० या प्रमाणात असेल, तर साधारण साडेआठ बाय सव्वापाच, म्हणजे ४५ चौरस इंच. कर्ण तोच, जागा कमी! आमचा लॅपटॉप १५.६ इंची, तो निघाला १०४ चौरस इंच. अकरा इंची लांबुळका टॅबलेट ५४. म्हणजे आकड्यात अकरा आणि पंधरा जवळचे वाटले तरी जागेच्या हिशेबात टॅबलेट म्हणजे जवळजवळ अर्धा लॅपटॉप. दुकानात हे कोणी सांगत नाही, पण गणित काही लपून राहत नाही.

मग मिक्सर आला होता त्या खोक्याचे पुठ्ठे काढले आणि तीन आकार कापले. ८.७ इंची, ११ इंची आणि १३ इंची. आकडे मनाने नाही घेतले, बाजारात याच आसपासचे टॅबलेट मिळतात. वजनं इंटरनेटवर पाहिली. लहान सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, मधला पावणेपाचशे ते पाचशे, मोठा सहाशे ते सातशे. हिच्याकडून तुरीची डाळ मागून घेतली, तेवढ्या तेवढ्या वजनाच्या पुड्या बांधल्या आणि पुठ्ठ्यांच्या पाठीला चिकटपट्टीने चिकटवल्या.

"डाळ सांडली तर तुम्हीच निवडायची," एवढंच ती म्हणाली.

एकेक पुठ्ठा हातात धरून पेपर वाचायला बसतो तसा वीस वीस मिनिटं बसलो. तेरा इंचीने सातव्या मिनिटाला मनगट धरलं. अकरा इंची मांडीवर टेकवला तर ठीक, अधांतरी धरला तर जड. लहानगा मात्र हातात असा बसला की जणू पॉकेटबुक. शबनममध्ये गेला, खिडकीशी बसून एका हाताने धरता आला. झालं! आठ इंची नक्की. धाकटीला फोन करून तसं कळवूनही टाकलं. ती खूश, थोरला नाराज.

तशी आकाराची ही वादावादी आमच्या घरापुरती नाही बरं का. २०१० साली पहिला आयपॅड आला तो ९.७ इंची. त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबलेटची जाहीर टिंगल केली होती. पडदा लहान केला तरी माणसाचं बोट काही तासून लहान करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे २०१२ मध्ये त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. आपल्या सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅबलेट सात इंचीच होता. दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते तो आला ५ ऑक्टोबर २०११ ला, आणि त्याच तारखेला तिकडे जॉब्ज गेले. योगायोग! मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. पेपरात 'आकाश'चा फोटो पाहून वाटलं होतं, आता आमच्या जिल्हा परिषद शाळांतल्या पोरांच्या दप्तराचं ओझं उतरणार. ते काही तेव्हा उतरलं नाही.

आणि "टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का" हा प्रश्नही जुनाच. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली बारा इंची सरफेस प्रो ३ आणला, तो लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट अशी जाहिरात करूनच. गंमत अशी की त्याचा कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागे. म्हणजे लॅपटॉपची जागा घ्यायला टॅबलेटला शेवटी लॅपटॉपचंच अंग जोडायला लागलं.

असो. मी बोटाचा आणि मनगटाचा विचार केला होता. डोळ्याचा केला नव्हता. आणि केला असता तरी माझ्याच डोळ्याचा केला असता.

संक्रांतीला अक्काकडे गेलो. दुकानात जायच्या आधी तिला गंमत दाखवावी म्हणून तिन्ही पुठ्ठे सोबत नेले होते, डाळ काढून. तिला समजावून सांगितलं की आता वही बंद, यावर लिहिणार. तिने लहान पुठ्ठा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "यावर लिवशील त मले वाचता येईल का रे बाबू?"

मी गप्पच झालो. दोन वर्षांत मी तिला एकदाही वही दाखवली नव्हती. दाखवावी असं सुचलंच नव्हतं. ती सांगणार आणि मी लिहिणार, असंच डोक्यात बसलेलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. अक्का दुसरीपर्यंत शिकली. मी जन्मलो तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि त्याआधीच तिची शाळा सुटली होती. घरात धाकटी भावंडं आणि आई धानाच्या बांधीत. मी पाठचा शेवटचा. मला तिनेच वाढवलं. पुढे मी शाळेत गेलो, चंद्रपूरला कॉलेज केलं, नागपूर विद्यापीठाची बीए झालो, मास्तर झालो. अक्काला अक्षरं जोडून वाचता येतं. एके काळी देवाची पोथी आणि माझी पत्रं वाचायची. पण आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याने जवळजवळ दिसत नाही. पेपरातला मजकूर तिला दिसत नाही. मथळे दिसतात.

मी पिशवीतून मार्कर काढला. पुठ्ठ्यावर अक्षरं काढत गेलो, आधी लहान, मग मोठी. सेंटिमीटरभर उंचीचं अक्षर झालं तेव्हा ती म्हणाली, "हे दिसते." मग त्याच मापाने लहान पुठ्ठ्यावर तिचंच एक वाक्य लिहून दिलं. आडवा धरूनही एका ओळीत तीनच शब्द बसले. सगळ्या पुठ्ठ्यावर सहा ओळी, म्हणजे अठरा शब्द. अक्का बोट ठेवून वाचायला लागली. तीन शब्द झाले की ओळ संपे. पुढची ओळ शोधेपर्यंत मागचे शब्द निसटत. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा झालं, तिसऱ्यांदा तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "रायू दे."

अकरा इंची पुठ्ठ्यावर तेच लिहिलं. एका ओळीत चार, कधी पाच शब्द आले आणि ओळी आठ. वाक्य अर्ध्यात मोडलं तरी कुठे मोडलं ते नजरेसमोरच राहत होतं. तिने ते हळूहळू का होईना, शेवटपर्यंत वाचलं. तेरा इंचीवर आणखी सोपं गेलं, पण तो तिच्या मांडीवर राहीना, हातात धरवेना, आणि त्याची किंमत माझ्या पेन्शनला झेपणारी नव्हती. अकरा इंची मात्र पाटावर टेकवून ती छान वाचत होती.

एवढ्याशा गोष्टीने आमचा आठ इंचीचा बेत मोडला. दोन-अडीच इंचांचा फरक, माझ्या दृष्टीने फक्त पिशवीत मावण्या-न मावण्याचा. अक्काच्या दृष्टीने वाचता येणं किंवा न येणं.

चंद्रपूरला परतल्यावर दुकानात गेलो तर काउंटरमागे माझा जुना विद्यार्थी! "सर, बसा ना," म्हणून खुर्ची दिली. काय काम आहे ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, टॅब घ्या, पण लॅपटॉप विकू नका. महिनाभर दोन्ही वापरा, मग ठरवा." विकणाऱ्याने असा सल्ला द्यावा याचं मास्तर म्हणून बरं वाटलं.

आता महिन्याच्या जागी तीन महिने झालेत. काय झालं ते सांगतो, कारण माझ्या वयाच्या कोणाला तरी उपयोग होईल.

टॅबलेटने माझ्या वहीची जागा पूर्ण घेतली. अक्का बोलते तेव्हा तो शेजारी ठेवून आवाज नोंदवून घेतो. एखाद्या अवजाराचा शब्द आला की तिथल्या तिथे त्या वस्तूचा फोटो. टाइप करायला पडद्यावरचा मराठी कीबोर्ड आहे. अक्षरं मोठी असल्याने थरथरत्या बोटालाही सापडतात, चुकलं तर खोडता येतं, आणि मुख्य म्हणजे महिन्यानंतरही माझं अक्षर मला लागतं! बॅटरी आठ-नऊ तास जाते, फोनच्याच चार्जरवर चढते, पॉवर बँकवरही चालतं. त्यामुळे अक्काकडे वीज आहे की गेली, इकडे माझं लक्षही नसतं.

पण लॅपटॉपची जागा त्याने घेतली का? नाही.

पहिलं कारण जुने लेख. आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटी करावं लागलं, तेव्हा मी संगणक शिकलो. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मराठी टाइप केलं ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर ते मराठी, नसलेल्यावर निव्वळ इंग्रजी गडबडगुंडा. टॅबलेटवर माझा आईवरचा लेख उघडला तर तसाच दिसला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून आजचं लिखाण कुठेही उघडतं. जुनं मात्र बदलून घ्यावं लागतं, आणि ते काम मला लॅपटॉपवरच जमतं. ऐंशी लेखांपैकी तेवीस झाले. उरलेले होईपर्यंत तरी या डब्याला भंगार म्हणायची माझी तयारी नाही.

दुसरं कारण जागा. शब्दांची यादी लावताना एकीकडे यादी, दुसरीकडे अक्काचं टिपण, असं दोन्ही समोर लागतं. ५४ चौरस इंचांत दोघांना बसवलं की कोणालाच धड बसता येत नाही. एसटीच्या दोघांच्या बाकावर चौघं बसावेत तसं होतं.

तिसरं कारण मान. पाच-दहा ओळी टाइप करायला टॅबलेट उत्तम. पण हा एवढा लेख त्याच्यावर लिहायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. कीबोर्डचं कव्हर दुकानात पाहिलं होतं. ते लावलं की वजन किलोच्या घरात जातं, मग हलकेपणाच्या गोष्टी कशाला? शिवाय जोडून पाहिलं तर कीबोर्डवरून इंग्रजीच उमटत होतं, मराठीसाठी सेटिंगमध्ये बरीच शोधाशोध करावी लागली. ज्यांना घ्यायचंय त्यांनी दुकानातच मराठीत चार ओळी टाइप करून पाहाव्यात, एवढं सांगतो.

आणि चौथं, आमच्या चंद्रपूरचं ऊन! आयपॅडच्या माहितीत लिहिलंय की तो ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, आणि नुसता ठेवायचा तरी ४५ पर्यंत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे काही नवल नाही. म्हणजे त्या हिशेबाने आमच्या गावात दुपारी तो ठेवायचीसुद्धा सोय नाही! माझा टॅबलेट दुसऱ्या कंपनीचा आहे, पण तापायचं ते तापतोच. त्याच्या पोटात पंखा नाही. उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच मी त्याला माठाजवळच्या कोनाड्यात ठेवणार आहे. आम्हीही तेव्हा त्याच खोलीत असतो.

तर हिशेब असा झाला. बाहेर जाऊन ऐकायचं, टिपायचं, दाखवायचं काम टॅबलेटचं. घरी बसून निवडायचं, लावायचं, सविस्तर लिहायचं काम लॅपटॉपचं. बिजागरी दुरुस्त करून आणली, आठशे रुपये लागले. विश्वकोशाचा खंड पुन्हा कपाटात गेला.

आता शेवटचं, आणि खरं तर हेच सांगायला बसलो होतो.

मागच्या महिन्यात टॅबलेट घेऊन अक्काकडे गेलो. तिने तो हातात घेतला, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पाटी आनलास का रे बाबू?" मी म्हटलं, "हो अक्का, पाटीच." पाटावर टेकवून दिला, अक्षरं तिच्या मापाची करून. आदल्या खेपेला तिने धानाच्या कामाबद्दल सांगितलेलं होतं ते उघडलं. या मजकुराचा पहिला खर्डा मी बोलून लिहायच्या सोयीने केला होता. त्यात बोडीची 'बॉडी' झाली होती आणि बांधीचे 'गांधी'. ते मी हसत हसत आधीच दुरुस्त केलं होतं. माझ्या मते आता काही चूक उरली नव्हती.

अक्का वाचत गेली. पहिल्या पानाला तिला दहा मिनिटं लागली असतील. मग एका शब्दावर बोट थांबलं.

"हे काय लिवलास?"

"पाणी, अक्का."

"मी त पानी म्हनतो. तू पाणी काहून लिवलास?"

मी खाली पाहिलं. तिच्या सबंध बोलण्यात जिथे जिथे 'पानी' होतं तिथे 'पाणी' होतं. 'डोरा' होता तिथे 'डोळा'. काही त्या यंत्राने केलं होतं, पण बरंचसं माझंच होतं. नंतर जुन्या वह्या काढून पाहिल्या, तर त्यांतही तसंच. तेव्हा तर कुठलं यंत्रही नव्हतं. चौतीस वर्षं वर्गात मुलांच्या 'पानी'वर लाल रेघ मारून 'पाणी' करणारा माझा हात, तो थरथरायला लागला तरी ती सवय काही सुटली नव्हती. बहिणीचं बोलणं जसंच्या तसं लिहितोय म्हणत होतो आणि दोन वर्षं तिचा पेपर तपासत बसलो होतो.

मी काही बोललो नाही. तिच्या समोरच 'पाणी' खोडून 'पानी' केलं. ती वाकून पाहत होती. "हां. आता बरोबर," म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. संध्याकाळपर्यंत अशा चौदा चुका तिने काढल्या. दुसरीत शाळा सोडलेल्या माझ्या बहिणीने! दोन ठिकाणी मी हटून बसलो की तू असंच म्हणाली होतीस, तर तिने आवाजाची नोंद लावायला सांगितली. दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एवढं काम माझ्याकडून या जन्मी होणं नाही. पण अक्काचे साडेतीनशे शब्द आता मी पुन्हा पहिल्यापासून तिच्यासमोर ठेवतोय. ती वाचते, तपासते, मग ते पक्के. दिवसाला दहा-बारा होतात. तिचा डोळा दुखायला लागला की थांबतो. डॉक्टरांनी त्या डोळ्याबद्दल फार आशा दाखवलेली नाही, त्यामुळे हल्ली महिन्यातून दोनदा जातो. ही कुरकुर न करता डबा बांधून देते.

हे लहान पुठ्ठ्यावर झालं नसतं. तो घेतला असता तर अक्काने एकदा पाहिला असता, "रायू दे" म्हटलं असतं, आणि माझं सगळं 'पाणी' तसंच राहिलं असतं. मला कळलंही नसतं.

म्हणून कोणी विचारलं की काका, किती इंची घ्यावा, तर मी आता उलट विचारतो, "तुमच्याशिवाय आणखी कोण वाचणार आहे?" मग खोक्याचा पुठ्ठा कापायला सांगतो, आणि त्या माणसाच्या डोळ्याला दिसेल एवढं अक्षर त्यावर काढायला सांगतो. डाळ बांधली नाही तरी चालेल.

उद्या पहाटेची मूलची गाडी पकडायची आहे. टॅबलेट चार्जिंगला लावलाय. रोवणीचे शब्द राहिलेत.